टीटीला उतर

आमच्या कोल्हापूरच्या घरातून मुंबईला निघणाऱ्या प्रत्येकाला आण्णा, म्हणजे माझे आजोबा, एकच सूचना द्यायचे. डब्यात काय दिलंय, पैसे कुठल्या खिशात ठेवलेत, कुणाकडं उतरायचं हे सगळं आज्जी बघायची. आण्णा उंबऱ्यात उभे राहून पाठमोऱ्या माणसाला सांगायचे, "टीटीला उतर. आधी उतरू नको, लांब पडतंय. टीटीलाच उतर."

लहानपणी मला हे कोडंच होतं. टीटी मला एकच ठाऊक होतं, पायात खिळा घुसला की दवाखान्यात टोचतात ते. मुंबईला जाणाऱ्या माणसानं त्या इंजेक्शनला कसं उतरायचं? पुढं वाटायला लागलं की तो टीसीचा कुणी भाऊबंद असावा. कॉलेजात असताना पहिल्यांदा एकटीनं मुंबईला गेले, रात्रभर एसटीत अर्धवट झोपले आणि पहाटे कंडक्टर ओरडला, "टीटी! टीटीवाले पुढं या!" खाली उतरले तर मोठं सर्कल, डोक्यावर उड्डाणपूल, पुण्याच्या टॅक्सीवाल्यांची ओढाओढ, चहाच्या टपरीवर स्टोव्हचा भोंगा. टीटी म्हणावं असं काहीच नाही. चहावाल्याला विचारलं, टीटी म्हणजे काय हो? तो म्हणाला, "हेच की. दादर टीटी." वर माझ्याकडं असं बघितलं, की ही बाई उतरली कुठं आणि विचारते काय.

टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आण्णांनीच नंतर सांगितलं. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली आणि तिथंच संपली. मी उतरले तेव्हा रूळ जाऊन कित्येक वर्षं झाली होती. तरीही कंडक्टर ओरडत होता, माणसं उतरत होती, आणि आमचे आण्णा तीनशेच्यावर किलोमीटरवर बसून त्या नसलेल्या ट्रामच्या टोकाला माणसं पाठवत होते.

त्यांचा तो आग्रह मला बरीच वर्षं म्हातारपणातली सवय वाटला होता. तसा तो नव्हता. आण्णा १९४६ साली भुदरगड तालुक्यातून निघाले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, लागले. तेव्हा कोल्हापुरातून छोट्या रुळावरच्या गाडीनं पुणं गाठायचं, तिथं मोठ्या रुळाची गाडी धरायची आणि दादरला उतरायचं. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, काखेत तांदळाचं बोचकं. स्टेशनातून चालत टीटीला यायचं, कारण ट्राम तिथं सुटायची. मधल्या थांब्यावर ट्रंकेसकट कोण चढू देणार? टोकाला चढलं की बसायला जागा, पायाशी ट्रंक, आणि परळ रोडनं लालबागच्या खानावळीपर्यंत निवांत. बसपेक्षा ट्राम स्वस्त, हेही होतंच. म्हणजे 'टीटीला उतर' हे पत्त्यातलं गाव नव्हतं, ओझं घेऊन गाडी बदलणाऱ्या माणसाचं शहाणपण होतं. ट्राम गेली, परळ रोडचा डॉ. आंबेडकर रोड झाला, सांगणं तेवढं राहिलं.

ट्रामचं वर्णन करताना आण्णांचे हात चालायचे. टोकाला आली की कंडक्टर दोरी धरून छतावरचा दांडा तारेवरून सोडवायचा, अर्धवर्तुळ चालत जाऊन उलट्या बाजूला लावायचा. ड्रायव्हर आपला फिरवायचा दांडा काढून घेऊन डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला. "गाडी वळायचीच न्हाई. माणसं वळायची." हे वाक्य ते प्रत्येक वेळी त्याच सुरात म्हणायचे आणि आम्ही नातवंडं ते त्यांच्याआधी म्हणून दाखवायचो.

मुंबईच्या ट्रामची कहाणी त्यांच्या बरीच आधी सुरू होते. ९ मे १८७४ ला पहिली ट्राम धावली ती घोड्यांची. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी, आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी, असे दोन मार्ग. भाडं तीन आणे आणि तिकीट म्हणून कागदच नाही. पुढं भाडं उतरलं, तिकिटं आली. स्टर्न्स आणि किटरेज कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते म्हणतात, त्यांच्या चाऱ्यापाण्याचा आणि लिदीचा हिशेब कुणी ठेवला असेल तर मला तो वाचायला फार आवडेल. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली, १९२० ला दुमजली. ऑगस्ट १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, सगळा कारभार कंपनीकडून पालिकेकडं आला. आणि पुढच्या सतरा वर्षांत ट्रामच गेली.

का गेली याची कारणं आण्णांनी एका वाक्यात सांगितली होती: "बशीला खड्डा चुकवता येतोय, ट्रामला न्हाई." रुळावर एक हातगाडी अडकली की मागं ट्रामांची रांग. रूळ रस्त्याच्या मधोमध, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्यानं मोटारींच्या मधून वाट काढायची. मोटारी वाढल्या, त्यांना रस्ता हवा होता. शेवटच्या ट्रामला निरोप द्यायला मुंबई लोटली होती. आण्णा गेले नाहीत. दुसऱ्या पाळीला होते, आणि नसते तरी गेले नसते. "गर्दी बघायला कशाला जायचं? रोज त्यातनंच जात होतो की."

२०१८ साली फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीसाठी खोदकाम करताना डांबराखाली ट्रामचे रूळ सापडले. पेपरातला तो फोटो मी कापून ठेवला. दाखवायला आण्णा नव्हते.

आता कोल्हापुरात ट्राम कधीच नव्हती, तेव्हा कोल्हापूरकरानं तिचा एवढा विचार का करावा? मी करते, कारण आमचं अख्खं गाव 'टीटी'नं भरलंय.

गंगावेसला वेस नाही. रंकाळा वेशीला नाही, वरुणतीर्थ वेशीला नाही. कोट पडला, खंदक बुजले, दरवाजे गेले, आणि केएमटीचा, म्हणजे आमच्या शहर बसचा, कंडक्टर आजही ओरडतो, "गंगावेस, गंगावेस!" चौकात ताराराणींचा पुतळा उभा आहे, पाटीवर ताराराणी चौक लिहिलंय, आणि रिक्षावाल्याला आपण सांगतो, कावळा नाका. पाटी महापालिकेची, नाव लोकांचं. दोन्हींचं भांडण नाही, एकमेकांना ओळख देत नाहीत एवढंच.

आणि आमच्या तिकट्या. मिरजकर तिकटी, माळकर तिकटी, पापाची तिकटी. चौक कुठंही असतो, तिकटी खास आमची. तीन वाटा मिळतात ती तिकटी. वाट किंवा गाडी बदलायच्या जागेला नगररचनाकार इंटरचेंज म्हणतात आणि त्यासाठी आराखडे काढतात, त्याला इथल्या माणसानं तीन अक्षरांत बसवलंय. मला या शब्दातली एक गोष्ट फार आवडते. चौकात समोर जाता येतं, म्हणजे काही न ठरवता सरळ निघून जाता येतं. तिकटीवर कधी ना कधी समोर घर किंवा दुकान येतं आणि डावीकडं की उजवीकडं हे ठरवावंच लागतं. म्हणून माणूस थबकतो. थबकला की ओळखीचा भेटतो. ओळखीचा भेटला की चहा. तिकटीवर चहाची गाडी का असते याचं शास्त्रीय कारण हेच असणार.

आमची सगळ्यात मोठी तिकटी मात्र गावकोसाच्या आत नाही, ती स्टेशन रोडवर आहे. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. त्यानंतर चारच वर्षांत, १८९५ ला, शाहू महाराजांनी शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ वसवली. रूळ जिथं संपले तिथंच गूळ उतरायला आणि चढायला लागला. रुळांच्या पलीकडं पुढं राजारामपुरी झाली, गल्ल्यांना नुसते नंबर घातलेली. आणि एसटीचं मध्यवर्ती स्टँडही स्टेशनपासून चार पावलांवर झालं. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली तेव्हा कोल्हापूर अजून संस्थान होतं, १ मार्च १९४९ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. नंतर १९६२ ला केएमटी आली. तिच्या जोडीला रिक्षा आल्या आणि वडाप आलं. वडाप हा शब्द बाहेरच्या माणसाला सांगताना तारांबळ उडते. जीपमध्ये बसतील तेवढी माणसं, मग आणखी चार, मग ड्रायव्हरच्या उजव्या हाताला एक, असं ते आहे. त्याला वेळापत्रक नाही. भरलं की निघतं.

स्टेशनच्या नावात आज टर्मिनस आहे, छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. दादरचा दुसरा 'टी' आमच्याकडं पुऱ्या नावानिशी आहे आणि त्याला तो शोभतोही, कारण रूळ इथंच संपतात. कोकणात वैभववाडीपर्यंत न्यायचे हे आमच्या वडिलांनी त्यांच्या तरुणपणात ऐकलं, मी माझ्या तरुणपणात ऐकलं, माझा मुलगा सध्या ऐकतोय.

सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेस येते तेव्हा स्टेशनच्या दारात दहा मिनिटं उभं राहून बघावं. मुंबईहून माणसं उतरतात, पण त्यांतली बरीचशी कोल्हापूरची नसतात. ती गारगोटीची, राधानगरीची, गडहिंग्लजची, चंदगडची असतात. त्यांना अजून एक गाडी धरायचीय. बाप पुढं बॅगा घेऊन, आई मागं कडेवरच्या झोपलेल्या पोराला घेऊन, आणि मधलं पोरगं पिशवी फरफटत. स्टेशन ते स्टँड अंतर काही मिनिटांचं. पण त्या काही मिनिटांत रिक्षावाले, हातगाड्या, फुटपाथवर लावलेल्या मोटरसायकली, आणि "गारगोटीची गाडी हितनंच की रंकाळा स्टँडवरनं?" हा प्रश्न. सगळा प्रवास रुळावर आणि चाकावर होतो, तो फसतो मात्र या चार पावलांत. आण्णांनी ट्रंक घेऊन दादरला जी चार पावलं मोजली होती तीच ही.

म्हणून कुठल्याही स्टँडचा नाहीतर स्टेशनचा कायापालट होणार म्हटलं की मी पहिल्यांदा चित्र बघते. बांधा, वापरा, हस्तांतरित करा या तत्त्वावर होणाऱ्या इमारतींची चित्रं रंगीत फलकावर लावतात. काचेची भिंत, समोर झाडं, निळं आभाळ, आणि फिरणारी माणसं. त्या माणसांकडं नीट बघा. एकाच्याही हातात बोचकं नसतं. एकही म्हातारी नसते. कुणी खाली बसलेलं नसतं, कुणाला उशीर झालेला नसतो. सगळी ताठ मानेनं, हातात एखादी पातळ बॅग घेऊन, कुठंतरी कॉफी प्यायला निघालेली. एसटीत रुमाल टाकून जागा धरणारा माणूस त्या चित्रात कुणाला काढताच येत नाही का?

लगेच कुणी म्हणेल, ही जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांतली. तसं नाही. जुन्या स्टँडांचं कौतुक करणाऱ्या पुरुषांनी तिथल्या बायकांच्या मुतारीत एकदा जाऊन यावं आणि मग लेख लिहावा. मी आठ-आठ तास पाणी न पिता प्रवास केलेत. आमची आज्जी तर गावाहून निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची. (ती म्हणायची, "मी आता पाणी पीत न्हाई, उद्या मी जातो न्हवं." आमच्याकडच्या बायका 'जातो', 'येतो' म्हणतात. पुण्याच्या माझ्या जाऊबाईंना याचं अजून नवल वाटतं.) स्वच्छ स्वच्छतागृह, बाळाला पाजायला दार नीट लागणारा हिरकणी कक्ष, पायऱ्यांऐवजी उताराचा रस्ता, रात्री उजेड, एवढ्यासाठी अख्खी जुनी इमारत पाडली तरी माझी हरकत नाही.

हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. एका तालुक्याच्या गावी नवं स्टँड झालं. गावाचं नाव घेत नाही. जुनं स्टँड घोड्याच्या नालासारखं होतं, मध्ये मोकळं पटांगण आणि कडेनं फलाट. कुठल्याही बाकावर बसलं तरी येणाऱ्या गाडीची पाटी वाचता यायची. नव्यात पुढं दुकानांचे गाळे, वर कार्यालयांसाठी मजला आणि गाड्या पाठीमागं. बसायला छान गारेगार हॉल, स्टीलच्या खुर्च्या, दोन खुर्च्यांमध्ये दांडा, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. मी तिथं तासभर पुस्तक वाचत बसले. स्पीकरवर घोषणा होत होत्या, पण त्या छताला आपटून अशा परत येत होत्या की 'फलाट क्रमांक' एवढंच कळायचं, पुढचा आकडा वाऱ्यावर. माझी गाडी लागली आणि सुटली. मला पत्ताच नाही.

(लागणे हे क्रियापद एसटीवाल्यांनी किती राबवलंय! गाडी फलाटाला लागते, आणि आंबा घाटात आपल्यालाही गाडी लागते.)

चिडून मागं गेले तर तिथं, उन्हात, कंपाउंडच्या कट्ट्यावर वीस-पंचवीस माणसं ओळीनं बसलेली. एका म्हातारीनं मला बोचकं सरकवून जागा दिली. म्हणाली, "बाई, आत बसल्यावर गाडी दिसत न्हाई. आमी हितंच बसतो." पुढच्या गाडीला अजून दीड तास होता. आम्ही दोघींनी शेंगा खाल्ल्या. हॉल रिकामा होता, पंखे फिरत होते.

थांबणाऱ्याला गाडी दिसली पाहिजे. एवढी साधी गोष्ट त्या म्हातारीला कळली होती. नकाशा काढणाऱ्याला ती कळली नाही, कारण तो गाडी कशी येईल, कशी वळेल, कशी बाहेर पडेल याचा विचार करत होता. गाडी वळण्याची सोय झाली. माणसांच्या वळण्याचं राहून गेलं.

दादरला तरी वेगळं काय झालं? ट्राम गेल्यावर टीटीवर मोटारींना जागा झाली, पुढं त्याच मोटारींना ती पुरेना म्हणून उड्डाणपूल आला. वरून जाणाऱ्याला टीटी लागतच नाही. पण पुलाखाली गाडी बदलणारी माणसं तशीच राहिली. कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या पहाटे तिथंच माणसं सोडतात, पुण्याच्या टॅक्स्या तिथंच उभ्या, लोकल धरणारे तिथूनच चालत स्टेशनात. ट्राम नुसती निमित्त होती म्हणायची. कोलकात्यात ट्राम १८७३ मध्ये आली, मुंबईच्या वर्षभर आधी, आणि आता २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं मैदान ते एस्प्लनेड हा तुकडा वारसा म्हणून ठेवून बाकी बंद करायचं जाहीर केलं. मला त्या तुकड्याबद्दल जरा धास्तीच वाटते. हौसेनं बसायच्या ट्राममध्ये ट्रंक घेऊन कोण चढणार?

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवतो. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूरचं बेट झालं. एसटी बंद. आमच्या गल्लीतल्या बायकांनी भाकरी आणि पिठलं केलं, ते घेऊन आम्ही चौघी अडकलेल्या प्रवाशांकडं गेलो. गाड्या नसलेलं स्टँड मी पहिल्यांदा बघितलं. फलाट रिकामे, पटांगणात पावसाचं पाणी, आणि बाकांवर, बाकांखाली, खांबांना टेकून माणसंच माणसं. पंढरपूरचं एक जोडपं होतं, अंबाबाईला आलेलं. कर्नाटकातले काही मजूर होते, त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला कानडी. एकानं हातानंच विचारलं, गाडी कधी? मी हातानंच सांगितलं, पाणी उतरल्यावर. तो हसला. तिसऱ्या दिवशी त्या माणसांची आपसात ओळख झाली होती, पाळ्या लावून सामान राखत होती, एका बाकाला कुणीतरी दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच.

मला तेव्हा असं वाटून गेलं की इमारत पाडून नवी बांधायच्या आधी आराखडेवाल्यांनी असे दोन दिवस इथं मुक्काम करावा. मुक्कामाच्या गाडीचा ड्रायव्हर-कंडक्टर गावात करतात तसा.

सध्या शहरात बरंच काही बदलतंय. रेल्वे स्टेशन कायापालटाच्या अमृत भारत योजनेत आहे. पीएम ई-बस योजनेत केएमटीला शंभर इलेक्ट्रिक गाड्या मंजूर आहेत. विजेवर चालणारी शहरी गाडी. आण्णा असते तर म्हणाले असते, म्हणजे ट्रामच की, रूळ तेवढे काढलेत. परीख पुलाखाली मात्र दर पावसाळ्यात तळं होतं, आणि राजारामपुरीतून स्टेशन गाठायला आम्ही अजून ते तळं ओलांडतो. त्याचं रंगीत चित्र अजून कुणी काढलेलं नाही.

गेल्या आठवड्यात केएमटीनं गंगावेसला निघाले होते. माझ्या पुढच्या बाकावर एक आई आणि तिचा सहा-सात वर्षांचा मुलगा, बहुतेक सुट्टीला आलेला, बोलण्यावरून बाहेरचा. खिडकीतून दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत होता. कंडक्टरनं घंटा मारली आणि ओरडला, "गंगावेस! चला, वेशीतले उतरून घ्या!" पोरगं उठलं, दारापर्यंत गेलं, पायरीवर थांबून इकडंतिकडं बघायला लागलं. मागं आमची रांग तुंबली.

"आई, वेस कुठंय?"

"हीच की," आई म्हणाली. "उतर."